तिथी बघा, मग खोली ठरवा

वाचकांचे प्रश्न : कोकणचे कडे, सडे आणि किनाऱ्यावरचे पक्षी

थंडी पडू लागली की नाशिकच्या गाड्या कोकणाकडे वळतात. या वेळी पत्रांत पोहण्याबद्दल किंवा वॉटर स्पोर्ट्सबद्दल फारसं कोणी विचारलेलं नाही. बहुतेकांना कड्यावरून चालायचं आहे आणि पक्षी बघायचे आहेत. एकसारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत.

प्रश्न : जानेवारीत चार मुक्कामांची सहल ठरवतो आहोत. आईवडील सत्तरीचे, मुलगा बारा वर्षांचा. चालण्याची आणि पक्ष्यांची हौस सगळ्यांना आहे. हरिहरेश्वर, गुहागर, गणपतीपुळे, मालवण यांपैकी कुठे जावं? (इंदिरानगर)

चार मुक्काम असतील तर दोन गुहागर तालुक्यात आणि दोन गणपतीपुळे-मालगुंड भागात करा. मालवण या वेळी सोडा. नाशिकहून इतक्या लांब गेलात तर चारांतले दोन दिवस गाडीतच जातील. हाताशी दोनच मुक्काम असते तर हरिहरेश्वर सुचवलं असतं, पण तेही साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे शनिवार-रविवारात उरकण्यासारखं नाही.

नाशिक ते गुहागर साडेचारशे ते पाचशे किलोमीटर पडतं. एक रस्ता पनवेलवरून मुंबई-गोवा महामार्गाने चिपळूणला जातो, दुसरा पुणे-सातारा-उंब्रज-पाटण करत कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरतो. कुठूनही गेलात तरी थांबे धरून अकरा-बारा तास लागतात, त्यामुळे पहिल्या दिवशी संध्याकाळी काही बघू असं मनात धरू नका. रेल्वेने जायचं तर मंगला एक्सप्रेस नाशिकरोडहून थेट रत्नागिरीला जाते. तिथे उतरल्यावर गाडी भाड्याने घ्यावी लागते, पण वडीलधाऱ्यांना बारा तास बसून नेण्यापेक्षा हे बरं.

मुक्काम वेळणेश्वर किंवा हेदवीला करा. गुहागर गावाची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, लांबलचक आणि सपाट आहे, तिथे किनारपक्षी चांगले दिसतात. कडे मात्र त्याच्या दक्षिणेला आणि उत्तरेला आहेत. उत्तरेला अंजनवेलचा गोपाळगड आणि टाळकेश्वराचं दीपगृह आहे, दक्षिणेला हेदवीची बामणघळ, म्हणजे कड्यातली अरुंद घळ. तिसऱ्या दिवशी तवसाळच्या जेटीवरून गाडीसकट फेरीबोटीने जयगडला उतरा. जयगडचा किल्ला, दीपगृह आणि कड्यालगतचं कऱ्हाटेश्वराचं देऊळ एकाच पट्ट्यात आहेत. तिथून गणपतीपुळे, मग आरे-वारेचा रस्ता आणि शेवटी रत्नागिरीचा रत्नदुर्ग.

आईवडिलांसाठी जागा निवडताना एकच बघायचं : गाडी वरपर्यंत जाते का. आरे-वारेचं उंच वळण आणि रत्नदुर्गाचा भगवती मंदिराचा परिसर या दोन्ही ठिकाणी फार न चढता कड्याच्या उंचीवरून समुद्र दिसतो. रत्नदुर्गाला तीन बाजूंनी पाणी आहे. तिथे तटाच्या आत सावलीत खुर्ची टाकून बसलं तरी घारी आणि गरुड डोळ्यांच्या पातळीवरून जातात. दीपगृहात प्रवेश ठरावीक वेळेतच असतो, बहुधा दुपारनंतर, म्हणून सकाळच्या बेतात ते धरू नका.

नाताळ ते ५ जानेवारी टाळा. गर्दी हे एक कारण आहेच, पण पुळणीवर गाड्या आणि घोडे फिरू लागले की किनारपक्षी उठून दूरच्या खडकांवर जातात आणि दिवसभर परतत नाहीत.

प्रश्न : हरिहरेश्वरला दुपारी बाराला पोचलो तर प्रदक्षिणेची वाट पाण्याखाली होती. पुजाऱ्यांनी 'उद्या या' म्हणून परत पाठवलं. भरती-ओहोटीची वेळ नाशिकला बसून कशी काढायची? (नाशिकरोड)

पुजाऱ्यांनी तुमच्यावर उपकारच केले. ती वाट देवळामागून पायऱ्यांनी कड्याच्या पोटात उतरते आणि लाटांनी तासलेल्या खडकाच्या सपाटीवरून फिरून येते. भरतीला ती सपाटी समुद्राचीच असते. पाठीशी सरळ कडा असल्यामुळे मागे सरकायलाही जागा नसते.

वेळ काढायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. कोकण किनाऱ्यावर जुना हिशेब असा : तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना १५ धरायचं.

चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला सव्वाअकरा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते, म्हणून चतुर्थीला सकाळी सव्वानऊला पाणी सगळ्यात खाली असतं आणि अष्टमीला दुपारी बारा-सव्वाबाराला. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. गावागणिक अर्धा-पाऊण तासाचा फरक धरा आणि आदल्या संध्याकाळी जेटीवरच्या माणसाला विचारून पक्कं करा.

वेळेइतकंच महत्त्व पाणी किती चढतं याला आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं : भरती खूप वर आणि ओहोटी खूप खाली. सगळ्यात मोठं उधाण बहुधा तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही. बामणघळीसारख्या जागी पाणी उसळताना बघायचं तर उधाणाची भरती हवी. खडकावर उतरून चालायचं तर ओहोटी हवी.

आणखी एक, कारण अडकणारे बहुतेक इथेच अडकतात. पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. पहिला तास ते जेमतेम हलतं आणि माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या-चौथ्या तासात एकूण चढणीतलं निम्मं पाणी येऊन जातं. म्हणून ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी खाली उतरा आणि ओहोटीनंतर तासाभरात वर या. 'अजून बरीच जागा आहे' हा अंदाज नेमका तिसऱ्या तासाला फसतो.

प्रश्न : गेल्या वर्षी आरे-वारेला चारशे मिलीमीटरची लेन्स घेऊन दोन संध्याकाळी बसलो. सगळे पक्षी काळे आले. कॅमेऱ्यात काय बदलावं? (पंचवटी)

कॅमेरा तसाच ठेवा, वेळ बदला. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. संध्याकाळी सूर्य समुद्राच्या बाजूला असतो आणि तुम्ही त्याच्याकडे बघत असता, मग पक्ष्याची सावलीतली बाजूच तुमच्या वाट्याला येते. सकाळी सूर्य पाठीमागे, डोंगराच्या बाजूला असतो आणि समोरचा समुद्र, खडक, पक्षी सगळे उजळलेले असतात. उंच कड्याखालच्या पाण्यावर साडेआठ-नऊपर्यंत कड्याचीच सावली असते, ती सरली की दहा-साडेदहापर्यंतचा वेळ सर्वांत चांगला.

आता हे भरतीच्या हिशेबाशी जोडून बघा. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून द्वितीयेपर्यंतच्या सकाळी ओहोटी साडेपाच ते पावणेआठच्या दरम्यान येते. उजाडतं तेव्हा खडक आणि वाळू दूरवर उघडी असतात, किनारपक्षी तिथे चरत असतात. मग पाणी चढू लागतं, पक्षी पायापायाने तुमच्याकडे ढकलले जातात, आणि ऊन तुमच्या पाठीवर असतं. पुळणीच्या वरच्या कडेला सुरूच्या झाडांपाशी बसून राहायचं, पुढे जायचं नाही. दोन तासांत जे अंतर तुम्ही चालून कधी कापू शकला नसता ते पक्षी स्वतः कापतात. अष्टमीच्या आठवड्यात हा योग जुळत नाही. म्हणून आधी तिथी बघा, मग खोली ठरवा. सुट्टीचे वार जुळत नसतील तर वर्षातला दुसरा पंधरवडा बघावा, इतका हा फरक मोठा आहे.

गरुड आणि घारी मात्र याला अपवाद आहेत. सकाळी जमिनीकडून हलका मतलई वारा असतो आणि मोठे पक्षी झाडावर बसून असतात. दहा-अकरानंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो, कड्यावर आपटून वर चढतो आणि त्या चढत्या हवेवर समुद्र गरुड पंख न हलवता कड्याच्या कडेने फेऱ्या मारतो. अकरा ते तीन या वेळेत कड्यावरून तो तुमच्या पातळीवर, कधी तुमच्या खालून जातो. त्याची पाठ बघायची ही एकमेव जागा. ऊन डोक्यावर असतं, फोटो करकरीत येतो, पण दिसतं भरपूर.

तुमच्या पत्रात शेवटी विचारलं होतं, लेन्सवर पांढुरकी साय येते ती कशाने पुसू. पुसायची नाही, निदान आधी नाही. लाटांच्या तुषारांतलं मीठ सुकून त्याचे कण बसतात. कोरड्या कपड्याने चोळलं की ते कण लेन्सवरच्या लेपावर बारीक ओरखडे पाडतात. आधी रबरी फुग्याने (ब्लोअरने) हवा मारा, मग गोड्या पाण्यात किंचित ओला केलेला मऊ कपडा नुसता टेकवून मीठ विरघळू द्या, दोन-तीनदा कपड्याची बाजू बदला आणि शेवटी हलक्या हाताने पुसा. दुर्बीण जलरोधक असेल तर नळाच्या बारीक धारेखाली सरळ धुता येते. ट्रायपॉडचे पाय रोज रात्री गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर नाशिकला परतेपर्यंत त्यांचे स्क्रू धरलेले असतात. एसी खोलीतून सकाळी थेट बाहेर नेलेल्या काचेवर दव धरतं. कॅमेऱ्याची पिशवी पंधरा-वीस मिनिटं बंदच ओसरीवर ठेवली की ते टळतं.

प्रश्न : आम्ही अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर नेहमी करतो. कोकणातले कडे तर पन्नास-साठ मीटरचे. वेगळी काय काळजी घ्यायची? (सिडको)

हा प्रश्न ट्रेकर मंडळींकडून हमखास येतो आणि त्यातला 'तर' हाच धोका आहे. अंजनेरीचा कातळ बेसाल्टचा, घट्ट, पाय ठेवला तिथे ठरणारा. कोकणच्या सड्याचा, म्हणजे कड्यावरच्या खडकाळ पठाराचा, वरचा थर जांभ्याचा, म्हणजे तांबड्या सच्छिद्र दगडाचा. जांभा वरून उन्हाने टणक होतो, पण त्याच्या खाली पांढुरकी, मऊ, मातीसारखी झीज असते. लाटा आणि पावसाचं पाणी ती खालची माती पोखरून नेतात. वर राहतो तो आधार सुटलेला जांभ्याचा छज्जा. वरून तो अगदी भक्कम दिसतो, खाली पोकळी आहे हे कडेला उभ्या असलेल्या माणसाला दिसणं शक्यच नसतं.

म्हणून काठापासून निदान पाच मीटर आत चाला. काठाला समांतर जाणारी भेग दिसली तर तिच्या समुद्राकडच्या बाजूला पाऊलही टाकू नका, कारण ती भेग म्हणजे तुटण्याची रेघ आहे. खाली बघायचंच असेल तर पुढे आलेल्या दुसऱ्या टोकावर जाऊन बाजूने बघा, म्हणजे आपण उभे होतो त्या जागेच्या पोटात काय आहे तेही कळतं. नोव्हेंबरपर्यंत सड्यावर गुडघाभर वाळकं गवत असतं आणि ते काठाच्या पुढे झुकून कडा लपवतं. जानेवारीत ते आडवं पडलेलं किंवा जळालेलं असतं.

दुसरी गोष्ट पायाखालची. जांभा झिजून त्याचे वाटाण्या-बोराएवढे गोल खडे होतात. उतारावर ते चाकासारखे फिरतात. सपाट झिजलेल्या तळाचे स्पोर्ट शूज इथे बेकार आहेत, खोल खाच्यांचे आणि घोट्यापर्यंतचे बूट हवेत. उतरताना टाच आधी, पावलं छोटी. ओल्या हिरव्या खडकावर मात्र कुठलाच बूट धरत नाही, तिथे जायचंच नाही.

तिसरी गोष्ट फुरसं, हा विषारी साप. रत्नागिरी-देवगड पट्ट्यातल्या सड्यावर जांभ्याच्या दगडांखाली आणि गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) फटींत ते राहतं. दीड-दोन फुटांचं, मातीच्या रंगाचं. डिवचलं तर अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज करतं आणि फार चपळाईने डसतं. सड्यावर दगड उलटू नये, गडग्यावर हात टेकून उडी मारू नये, बसताना आधी काठीने जागा झाडावी. चावलंच तर आवळपट्टी बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करू नका. अंगठी-कडं काढा, तो हात किंवा पाय हलणार नाही असा धरा, १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. याच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. परिणाम तासांनी वाढत जातो, म्हणून 'काही होत नाही' म्हणून थांबू नये.

चौथं, पाणी. सड्यावर झाड नाही, झरा नाही. माणशी तीन लिटर घ्या आणि ताशी तीन किलोमीटरपेक्षा जास्त वेग धरू नका. तुम्ही नाशिकच्या कोरड्या हवेला सरावलेले आहात. कोकणात घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. याचा अंदाज पहिल्या दिवशी चुकतो. लिंबू-मीठ-साखर जवळ असू द्या.

वाटांविषयी एक सूचना. कोकणात आंब्याच्या बागेला जांभ्याचा गडगा असतो आणि बऱ्याच बागा कड्यापर्यंत गेलेल्या असतात. मोबाइलच्या नकाशावरची सरळ रेघ अशा तीन-चार गडग्यांवरून जाते. पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) किंवा पाणंद (दोन कुंपणांमधली वाट) धरा आणि वाडीत विचारून पुढे जा. जानेवारीत मोहोर असतो, फवारणी चालू असते, आणि बागेत अनोळखी माणूस शिरलेला कोणालाच आवडत नाही.

राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर जाणार असाल तर तिथलं हत्तीचं कातळशिल्प बघाच. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आकृती, आणि तिच्या पोटात इतर प्राणी कोरलेले. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत आली. रेषा उथळ आहेत, बूट घालून त्यांवरून चालू नका. त्या सकाळी आठला किंवा दुपारी चारनंतर तिरप्या उन्हात उठून दिसतात, भर दुपारी शेजारी उभं राहूनही हत्ती सापडत नाही.

प्रश्न : गुहागरजवळ घरमालक म्हणाले, 'आमच्याकडे गरुड रोज वडावर येतो.' आला तो काळा-पांढरा, भली मोठी पिवळी चोच असलेला. हा गरुड कसा? खरा समुद्र गरुड कसा ओळखावा? (सिन्नर)

घरमालकांचं चुकलं नाही. कोकणातल्या बऱ्याच गावांत धनेशालाच गरुड म्हणतात. तुम्ही पाहिलात तो मलबारी कवड्या धनेश. वड, पिंपळ, उंबर पिकले की ठरल्या वेळी येतो आणि काजऱ्याची फळंही खातो. मार्च ते जूनमध्ये मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला भरवतो, त्या काळात ढोलीच्या झाडाखाली थांबू नका.

समुद्र गरुड, म्हणजे पांढऱ्या पोटाचा, वेगळा. पंख पसरले की दोन मीटरच्या आसपास, डोकं, छाती, पोट पांढरं शुभ्र, पाठ राखाडी. खालून बघताना पंखांचा पुढचा भाग पांढरा आणि मागची पिसं काळपट दिसतात. शेपूट आखूड, पाचरीच्या आकाराची. दुरून रंग कळत नसेल तर पंखांची धरण बघा : तरंगताना तो पंख वर उचलून इंग्रजी व्हीसारखे धरतो. किनाऱ्यावर सगळीकडे दिसणारी ब्राह्मणी घार पंख जवळजवळ सपाट धरते, आकाराने त्याच्या निम्मी भरते आणि तिचं डोकं पांढरं असलं तरी अंग विटकरी असतं. नवशिक्यांची गल्लत होते ती गरुडाच्या पिलावरून, ते तपकिरी असतं. तिथे रंग सोडून द्या, शेपटीची पाचर आणि पंखांचा व्ही बघा.

गरुडाचं घरटं म्हणजे उंच झाडावरचा काटक्यांचा ढीग. जोडी तेच घरटं वर्षानुवर्षं डागडुजी करून वापरते. ऑक्टोबरपासून पुढे त्यावर अंडी-पिलं असतात. खाली माशांची हाडं आणि समुद्रसापांचे तुकडे पडलेले दिसले तर वर बघा, आणि बघून लगेच लांब जा. गरुड बसल्या जागी मान ताणून 'कँक-कँक' ओरडू लागला तर तुम्ही जास्त जवळ आलात.

तुमच्या पत्रातला दुसरा प्रश्न : 'इथले' पक्षी कोणते आणि पाहुणे कोणते? समुद्र गरुड, ब्राह्मणी घार, धनेश, समुद्री बगळा हे बारमाही. समुद्री बगळा राखाडी आणि पांढरा अशा दोन रूपांत असतो. काळे पाय आणि पिवळसर पंजे, खडकावर एकटाच उभा. सड्यावरचे बारमाही म्हणजे मलबारी चंडोल, डोंबारी आणि माळटिटवी. मलबारी चंडोल पश्चिम भारतातच सापडतो, म्हणून कोकणात जाऊन तो न बघता परतणं बरं नाही. डोक्यावर टोकदार तुरा, आणि गातो तो दगडावर बसून किंवा हवेत चढून. कुरव (सीगल) सगळे पाहुणे, ऑक्टोबरला येतात आणि एप्रिलपर्यंत जातात. बहिरी ससाणा आणि निळा कस्तूर हिवाळ्यात कड्यांवर आणि किल्ल्यांच्या तटांवर बसलेले सापडतात. निळा कस्तूर बघायचा तर कड्याकडे न बघता बुरुजाच्या फांजीवर, म्हणजे तटावरून चालायच्या वाटेवर, नजर ठेवा.

प्रश्न : वाळूवर पळणारे छोटे करडे पक्षी सगळे सारखेच वाटतात. जाण्याआधी सराव कुठे करावा? दुर्बीण किती ताकदीची? (निफाड)

तुम्ही निफाडचे, मग सराव दारातच आहे. गोदावरी-कादवा संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. २०२० मध्ये तो दर्जा जाहीर झाला. चापडगाव आणि खाणगाव थडीच्या बाजूने डिसेंबरात दोन सकाळी घालवा. चिखलावरचा छोटा कंठेरी चिखल्या नीट पाहून घ्या : डोळ्याभोवती पिवळी कडी आणि छातीवर पूर्ण काळा पट्टा. हा मनात पक्का बसला की किनाऱ्यावर फरक कळतो. केंटिश चिखल्याचा छातीवरचा पट्टा मध्ये तुटलेला असतो आणि मानेमागे पांढरी कॉलर असते. वाळूचिखल्याला ती कॉलर नसते, चोच जाड असते. आणि लाट मागे सरली की तिच्या मागे धावणारा, लाट आली की पाय मागे ओढत पळणारा, काळ्या पायांचा फिकट पक्षी म्हणजे सँडरलिंग. त्याला रंगापेक्षा चालीवरून ओळखा.

दुर्बीण ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलीमीटरच्या काचेची. १०×५० जास्त ताकदीची असली तरी कड्यावरच्या वाऱ्यात हात थरथरतो आणि ती थरथरही दहापट होते. खडकांवरचे सुरय (टर्न) आणि कुरव दूर असतात, त्यांच्यासाठी गटात मिळून एक २०-६० पटीचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर लावायची एकनळी दुर्बीण, पुरे. ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला पाण्याची पिशवी टांगा, वाऱ्यात तो हलत नाही.

प्रश्न : एप्रिलात सड्यावर दगडांतच चार ठिपकेदार अंडी दिसली आणि टिटवी डोक्यावर ओरडत फिरत होती. फोटोसाठी दहा मिनिटं थांबलो. चुकलं का? (गंगापूर रोड)

चुकलं. माळटिटवीचं घरटं म्हणजे उघड्यावरचा खळगा. एप्रिलच्या उन्हात जांभा भाजून निघतो आणि पक्षी अंड्यांवर बसतो तो मुख्यतः सावलीसाठी. तुम्ही उभे असता तेवढा वेळ अंडी तापत राहतात. दुपारी दहा मिनिटंही आतल्या पिलाला जास्त होतात. शिवाय कावळे माणसावर लक्ष ठेवून असतात आणि तुम्ही जिथे वाकलात तिथे नंतर उतरतात. टिटवी ओरडू लागली की पायाखाली बघत, आलात त्याच वाटेने मागे फिरा.

प्रश्न : पाऊस बघायला जुलैत जायचं आहे. पक्षी दिसतील का? (ओझर)

कड्यावर चालायला जुलै नको. वारा काठाकडे ढकलतो, जांभ्यावर शेवाळ असतं, फेरीबोटी आणि होड्यांचा भरवसा नसतो आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रकही वेगळं असतं. सड्यावरची फुलं हवी असतील तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर ठेवा.

मात्र वादळानंतर दोन-तीन दिवसांत पुळणीवर थकलेले खोल समुद्रातले पक्षी सापडतात. बूबी, काजळी सुरय असे, जे एरवी किनाऱ्यावरून दिसत नाहीत. सापडला तर त्याला परत समुद्रात सोडू नका. पिसं भिजलेली असतात, तो बुडतो. चोचीत पाणी ओतू नका, मासा भरवू नका. टॉवेल टाकून धरा, चोच चेहऱ्यापासून लांब ठेवा कारण बूबी थेट डोळ्यावर मारतो, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

प्रश्न : कड्याखालची घरटी ड्रोनने टिपली तर? (कॉलेज रोड)

नको. गरुड आणि ससाणा ड्रोनवर झेपावतात आणि पंख्याच्या पात्यात पंख जातो. घरट्यावरचा पक्षी उठला की वर लिहिलेली टिटवीच्या अंड्यांची गत पिलांची होते. त्याऐवजी समोरच्या टोकावर स्कोप लावून अकराच्या वाऱ्याची वाट बघा.